मे महिन्यात वाहणारा पावसाळी नाला

नागपुरात फुटाळा तलावाच्या काठाला आपण हौसेनं चौपाटी म्हणतो. अंबाझरीवर छठपूजेला माणसं कमरेइतक्या पाण्यात उभी राहतात, उन्हाळ्यात पोरं कुठल्या ना कुठल्या तलावात उड्या मारतात आणि म्हशी तर वर्षभर डुंबतातच. समुद्र शेकडो किलोमीटर लांब असला तरी 'या पाण्यात उतरावं की नाही' हा प्रश्न जुहूला जितका खरा तितकाच इथेही आहे. त्याचं उत्तर काढायची रीतही जवळपास तीच.

एक फरक आहे, आणि तो आपल्या फायद्याचा आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर दर सहा तासांनी भरती-ओहोटी पुरावा धुऊन नेते. आपल्याकडे परतीचा पाऊस संपला की मृगापर्यंत, हिवाळ्यातली एखादी सर किंवा मार्चची गारपीट सोडली, तर नाल्यात पावसाचं पाणी येण्याचं कारणच नसतं. पावसाळी नालीत पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात बोटभर धार वाहत असेल तर ते पाणी आभाळातून पडलेलं नाही. ते कुणाच्या तरी संडासातून, मोरीतून, गोठ्यातून नाहीतर फुटलेल्या नळातून आलेलं आहे. तलावाच्या प्रदूषणाचा माग काढायचा तर हीच धार धरून वर चालत जावं लागतं. घाटावर बाटली बुडवून मिळालेला आकडा त्या चालण्याची फक्त सुरुवात असतो.

तरी तो आकडा नीट मिळवायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं राहतं.

आंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे २००० सालचे निकष असे: फीकल कोलिफॉर्म (विष्ठेतून येणारे जंतू) १०० मिलिलिटरमध्ये ५०० असावेत, फार तर २५०० चालतील. फीकल स्ट्रेप्टोकॉकाय १०० असावेत, फार तर ५०० चालतील. सामू ६.५ ते ८.५, विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान ५ मिलिग्रॅम, बीओडी (घाण कुजवताना जंतू किती ऑक्सिजन खातात त्याचं माप) ३ मिलिग्रॅमच्या आत. तुलनेसाठी, 'ब्लू फ्लॅग' हे स्वच्छ किनाऱ्याचं प्रमाणपत्र मिळवणाऱ्या समुद्रकिनाऱ्यांना ई. कोलाय (फीकल कोलिफॉर्ममधला मुख्य जंतू) २५० आणि एंटेरोकॉकाय (फीकल स्ट्रेप्टोकॉकायच्या गटातले) १०० च्या आत ठेवावे लागतात. समुद्रात एंटेरोकॉकायवर भर असतो, कारण खाऱ्या पाण्यात आणि उन्हात कोलिफॉर्म लवकर मरतात आणि पाणी आहे त्यापेक्षा स्वच्छ दिसतं. गोड्या पाण्याच्या तलावासाठी ई. कोलाय किंवा फीकल कोलिफॉर्म पुरेसे आहेत.

हे जंतू स्वतः बहुधा आजार करत नाहीत. ते आतड्यातून बाहेर पडल्याची खूण आहेत. ते आले त्याच वाटेनं कावीळ, टायफॉइड आणि हगवणीचे जंतूही आले असतील, एवढंच ते सांगतात. 'टोटल कोलिफॉर्म'चा आकडा मात्र तलावाच्या बाबतीत फारसा कामाचा नाही. त्यातले बरेच जंतू माती आणि पालापाचोळ्यात सुखानं राहतात. प्रयोगशाळेच्या अहवालात फक्त टोटल कोलिफॉर्म छापलेलं असेल तर फीकलचा किंवा ई. कोलायचा आकडा मागून घ्या.

नमुना कुठून आणि कसा घ्यायचा, इथे सर्वांत जास्त चुका होतात. बाटली निर्जंतुक केलेली हवी. ती तलावाच्या पाण्यानं खंगाळायची नाही. रसायनांच्या बाटल्या खंगाळायची सवय असलेला माणूस इथे हमखास चुकतो. गुडघाभर ते मांडीभर पाण्यात उतरा, पायानं ढवळलेला गाळ खाली बसू द्या, झाकण पाण्याखाली नेऊन उघडा आणि साधारण ३० सेंटिमीटर खोलीवर, तोंड स्वतःपासून दूर ठेवून, बाटली पुढे ढकलत भरा. वरचा तवंग आत येता कामा नये. बाटलीत वर दोन-अडीच सेंटिमीटर जागा मोकळी सोडा, नाहीतर प्रयोगशाळेत नमुना हलवून एकजीव करता येत नाही. क्लोरीन असलेलं पाणी, म्हणजे प्रक्रिया केलेलं सांडपाणी किंवा नळाची गळती, असेल तर बाटलीत आधीपासून सोडियम थायोसल्फेट हवं. ते नसेल तर वाटेत क्लोरीन जंतूंना मारत राहतं आणि अहवाल खोटा चांगला येतो.

बाटल्या लगेच बर्फाच्या डब्यात ठेवायच्या. चार अंशांच्या आसपास राहाव्यात, पण गोठू नयेत. तपासणी सहा तासांत सुरू व्हायला हवी. नागपूरच्या उन्हाळ्यात थर्माकोलच्या डब्यातला बर्फ दुपारपर्यंत पाणी होतो आणि त्या पाण्यात बाटलीवरचं बॉलपेनचं लेबल वाहून जातं. पेन्सिल किंवा पक्का मार्कर वापरा आणि बाटल्या आधी प्लास्टिकच्या पिशवीत घाला, म्हणजे वितळलेलं पाणी झाकणातून आत शिरणार नाही. गाडीच्या डिकीत तासभर उघड्यावर राहिलेली बाटली सरळ फेकून द्या. त्या उष्णतेत जंतू वाढले की मेले, कुणालाच सांगता येणार नाही.

वेळ सकाळची, आणि दर वेळी तीच. ऊन हे जंतूंचं सर्वांत स्वस्त औषध आहे. त्याच घाटावर सकाळी सातचा आणि दुपारी दोनचा आकडा एकमेकांशी जुळत नाही. वहीत तारीख, वेळ, ढग, वारा कुठून वाहतो, गेल्या २४ आणि ७२ तासांत पाऊस झाला का, घाटावर किती माणसं, किती जनावरं, हे सगळं लिहा. वाऱ्याची नोंद लोक टाळतात, पण तरंगती घाण वारा ज्या काठाला लोटतो तिथला आकडा नेहमीच जास्त येतो. दर दहा नमुन्यांमागे एक नमुना जोडीचा घ्या, आणि एका बाटलीत घरूनच निर्जंतुक पाणी भरून तीही सोबत फिरवा. त्या बाटलीत जंतू निघाले तर दोष तलावाचा नसून आपल्या हाताचा आहे.

प्रयोगशाळेत आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एमपीएन, म्हणजे जंतूंची सर्वांत संभाव्य संख्या काढायची पद्धत वापरतात. १०, १ आणि ०.१ मिलिलिटर पाणी प्रत्येकी पाच नळ्यांत घालून किती नळ्यांत वायू धरतो ते पाहायचं, मग त्या नळ्यांतून ईसी ब्रॉथ या जंतू वाढवायच्या द्रवात ४४.५ अंशांवर २४ तास ठेवून फीकल कोलिफॉर्म पक्के करायचे. ४४.५ म्हणजे ४४.५. अर्धा अंश वर गेलं तरी खरे जंतूही दगावतात, खाली गेलं तर मातीतले बिनमहत्त्वाचे उगवतात. म्हणून साध्या इन्क्युबेटरपेक्षा वॉटर बाथ लागतो.

इथे एक अडचण येते. या मापात पंधराच्या पंधरा नळ्यांत वायू आला तर अहवालात '१६०० पेक्षा जास्त' असं येतं. नाल्याच्या पाण्यात हा आकडा काहीच सांगत नाही. तो दोन हजारही असू शकतो आणि दोन कोटीही. कच्च्या सांडपाण्यात १०० मिलिलिटरमध्ये दहा लाख ते दहा कोटी फीकल कोलिफॉर्म असतात. तेव्हा नाल्याचा नमुना देताना 'हजारपट ते दहा लाखपट पातळ करून लावा' हे आधीच सांगा. न सांगितल्यास पिण्याच्या पाण्याचं माप लागतं आणि पैसे वाया जातात.

एमपीएन हा मुळात अंदाज आहे. ८० आलं तर खरा आकडा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका किंवा तिप्पटही असू शकतो. म्हणून गेल्या महिन्यात ४०० होतं आणि आता ७०० झालं, यावर बातमी करू नये. पाच-सहा नमुन्यांची भूमितीय सरासरी काढावी. समजा २००, ३००, २५०, ४०० आणि २४००० असे पाच आकडे आले. साधी सरासरी ५०३० येते, म्हणजे एका वाईट दिवसानं चार बऱ्या दिवसांना बुडवलं. भूमितीय सरासरी ६८० च्या आसपास येते आणि ती नेहमीच्या स्थितीच्या जवळ आहे. पण तो २४००० चा दिवस विसरायचा नाही. त्याच दिवशी काहीतरी घडलेलं असतं, आणि माग काढणाऱ्याला तोच दिवस हवा असतो.

गावात पिण्याच्या पाण्यासाठी वाटतात त्या काळ्या होणाऱ्या एचटूएस बाटल्या तलावावर वापरू नका. त्या फक्त 'आहे' किंवा 'नाही' सांगतात, आणि शहरातल्या तलावात उत्तर कायम 'आहे' असंच येणार.

ऑक्सिजनबद्दलही एक गैरसमज आहे. दुपारी तीन वाजता हिरव्यागार तलावात मीटर बुडवला की १२-१३ मिलिग्रॅम दिसतात आणि कुणीतरी 'पाणी एकदम झकास' म्हणून मोकळं होतं. तीस अंशांच्या पाण्यात समुद्रसपाटीला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच ऑक्सिजन मावतो. नागपूर तीनशे मीटर उंचीवर आहे, तेव्हा इथे त्याहून थोडा कमी. १३ दिसतात ते शेवाळानं उन्हात तयार केलेले. रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन खातं आणि पहाटे पाच वाजता तिथेच मीटर १-२ दाखवतो. मासे पहाटे मरतात ते त्यामुळे. ऑक्सिजन मोजायचा तर सूर्य उगवायच्या आत.

मीटर नसेल तर विंकलरची जुनी पद्धत अजूनही उत्तम आहे. ३०० मिलिलिटरची बीओडी बाटली बुडबुडा न राहू देता भरा, जागेवरच १ मिलिलिटर मँगनस सल्फेट आणि १ मिलिलिटर अल्कली-आयोडाइड-अझाइड पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून सोडा, बूच लावा, उलटसुलट करा. गाळ तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर नाही, आणि पुढचं टायट्रेशन करायचीही गरज नाही. गाळ बसल्यावर १ मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल. मग २०१ मिलिलिटर घेऊन ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटनं टायट्रेशन. जितके मिलिलिटर लागले तितके मिलिग्रॅम ऑक्सिजन. यातला अझाइड वगळून चालत नाही, सांडपाण्यातलं नायट्राइट आकडा फुगवतं. बीओडी मात्र प्रयोगशाळेचं काम. आपल्या हवेला साजेशी भारतीय पद्धत २७ अंशांवर तीन दिवसांची आहे, परदेशी पुस्तकातली २० अंशांवर पाच दिवसांची नाही. दोन अहवाल शेजारी ठेवताना हे आधी पाहा.

आता चालायला लागू.

आधी नकाशा. तलावात उतरणारी प्रत्येक नाली, पाइप, नाला, सांडवा यांना क्रमांक द्या. नाग नदीचं पाणी अंबाझरीच्या सांडव्यापासून शहराच्या पोटातून जातं, पिवळी नदी गोरेवाड्याकडून येते, पोरा नदी सोनेगावकडून. म्हणजे आपले तलाव या नद्यांच्या उगमाशी आहेत, आणि तलावाच्या वर जे काही वसलं आहे ते आधी तलावात आणि मग नदीत उतरतं. नदी पुढे कन्हानला, कन्हान वैनगंगेला, तिथून गोसेखुर्दच्या जलाशयात. तिथपर्यंत जंतू पोचतात की नाही यावर वाद घालता येईल, ते काही दिवसांत मरतात. नत्र आणि स्फुरद मात्र मरत नाहीत, आणि जलपर्णी त्यावरच पोसते.

सलग किमान तीन कोरडे दिवस गेल्यावर सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान काठ पालथा घाला. घराघरांत संडास-आंघोळी चालू असतात तेव्हाच गडरलाइन (घरांचं सांडपाणी नेणारी जमिनीखालची वाहिनी) आणि तिच्या गळत्या भरून वाहतात. दुपारी बाराला कोरडी दिसणारी नाली सकाळी सातला वाहत असते. रविवारी कपड्यांचा दिवस म्हणून साबणाचं पाणी जास्त, तेव्हा एक फेरी रविवारची आणि एक कामाच्या दिवसाची करा.

प्रत्येक तोंडाशी नाक आणि डोळे आधी. पाणी नितळ, वास नाही आणि क्लोरीन तपासायच्या थेंबांनी फिकट पिवळा रंग आला तर ती नळाच्या पाइपची गळती. करडं, फेसाळ, साबणाचा वास, ती मोरी. काळपट, कुजक्या अंड्याचा वास, तळाशी राखाडी लोंबकळणारी बुरशी, ती गडर किंवा सेप्टिक टँक. हिरवट-तपकिरी आणि कडब्याचे तुकडे, तो गोठा. पण फक्त वासावर निकाल देऊ नका, शिळं मोरीचं पाणीही दोन दिवसांत काळं पडतं.

मग अमोनियाचा किट. नेस्लरचे थेंब टाकले की पिवळा ते नारिंगी रंग येतो. घरगुती कच्च्या सांडपाण्यात लिटरला साधारण २० ते ५० मिलिग्रॅम अमोनिया-नत्र असतं, मोरीच्या पाण्यात त्याहून बरंच कमी, आणि नळाच्या गळतीत जवळजवळ नाही. पाच मिनिटांचं काम, जागेवर उत्तर. माग काढताना जंतूंपेक्षा अमोनिया जास्त उपयोगी पडतो, कारण जंतूंच्या उत्तरासाठी दोन-तीन दिवस थांबावं लागतं आणि तोवर नाल्यातलं पाणी कुठल्या कुठे गेलेलं असतं. विद्युतवाहकता मोजायचा पेनसारखा मीटरही सोबत ठेवा, पण आपल्याकडे त्याच्यावर एकट्यावर विसंबू नका. बोअरवेलचं पाणी मुळातच क्षारांचं. ज्या वस्तीत बोअरवर अंगण धुतात तिथे स्वच्छ पाण्याचाही आकडा वर जातो.

धारेचं माप घेणं हे कंटाळवाणं काम आहे, म्हणून लोक टाळतात, आणि तिथेच शोध फसतो. पाइप असेल तर बादली आणि स्टॉपवॉच. नाला असेल तर दहा मीटरचा सरळ तुकडा निवडा, रुंदी आणि तीन-चार ठिकाणची खोली मोजा, आणि एक लिंबू किंवा संत्र्याची साल सोडा. उदाहरण घेऊ. रुंदी ८० सेंटिमीटर, सरासरी खोली १५, साल दहा मीटर २५ सेकंदांत गेली. पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.४ मीटर, तळाशी घर्षण म्हणून त्याला ०.८५ नं गुणायचं, ०.३४ झाले. क्षेत्रफळ ०.१२ चौरस मीटर. प्रवाह सेकंदाला ४१ लिटरच्या आत-बाहेर, दिवसाचे ३५ लाख लिटर. माणशी १३५ लिटर पाणी आणि त्यातलं ८० टक्के गडरात, हे नेहमीचं गणित लावलं तर ही बत्तीस-तेहतीस हजार माणसांची घाण होते. सकाळच्या भरतीचा आकडा दिवसभराला लावला म्हणून हा अंदाज वरच्या बाजूला आहे, तरी उडी मारून ओलांडता येईल असा नाला किती वस्ती वाहून आणतो ते यातून दिसतं.

उलटही घडतं. सेकंदाला ४० लिटरच्या नाल्यात १०० मिलिलिटरला एक लाख जंतू आहेत, आणि शेजारी चिंचोळ्या पाइपातून सेकंदाला अर्धा लिटर गळतंय, त्यात एक कोटी. गुणाकार करून पाहा. नाला सेकंदाला चार कोटी जंतू आणतो आणि ती गळती पाच कोटी. सगळ्यांचं लक्ष नाल्याकडे, आणि घाटाला नासवणारा पाइप झुडपामागे. फक्त आकडे पाहिले तरी फसतो, फक्त पाणी किती ते पाहिलं तरी फसतो.

मोठा स्रोत सापडला की त्या नाल्यानं वर जायचं आणि तुकडे पाडायचे. दर दोन पुलांमध्ये एक नमुना, प्रत्येक मिळणाऱ्या धारेच्या वर एक आणि खाली एक. खालचा नमुना धार पूर्ण मिसळल्यावर घ्यायचा, नाहीतर एका काठाला घाण आणि दुसऱ्या काठाला स्वच्छ पाणी वाहत असतं. नाल्याच्या रुंदीच्या किमान वीस-पंचवीस पट खाली जा.

दिसणाऱ्या सगळ्या धारा मोजल्या तरी कधी हिशेब जुळत नाही. भिंतीमागून किंवा तळातून काहीतरी येत असतं. तेव्हा क्लोराइड कामी येतं. मिठाचा हा अंश ना मरतो, ना उडून जातो, ना गाळात बसतो. समजा वर सेकंदाला ६० लिटर, क्लोराइड लिटरला ६० मिलिग्रॅम. मधे एक दिसणारी नाली ५ लिटर, क्लोराइड ११०. खाली अपेक्षित क्लोराइड ६४ च्या आत. प्रत्यक्षात ७० आलं. मधल्या तुकड्यात न दिसणारं सांडपाणी शिरतंय. सालीच्या पद्धतीत प्रवाह पंधरा-वीस टक्के सहज चुकतो, त्यामुळे पाणी किती वाढलं यावरून हे सांगता आलं नसतं. एमपीएन तर तिप्पट चुकतो. क्लोराइड मात्र ५० मिलिलिटर नमुना आणि ०.०१४१ नॉर्मल सिल्व्हर नायट्रेट घेतलं तर ब्युरेटचा एक मिलिलिटर म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम. ६४ आणि ७० मधला फरक ०.६ मिलिलिटर, म्हणजे दहा-बारा थेंब. खुणेसाठी घातलेल्या क्रोमेटचा पिवळा रंग विटकरी होताना हा फरक स्पष्ट कळतो. एकच अट, तिन्ही नमुने अर्ध्या तासाच्या आत घेतलेले हवेत.

धार कधी वाहते कधी नाही, अशा ठिकाणी कापूस बांधा. कपड्याच्या पावडरमध्ये पांढरेपणासाठी चमक देणारी रसायनं असतात, ती कापसाला चिकटतात आणि ३६५ नॅनोमीटरच्या जांभळ्या टॉर्चखाली निळसर चमकतात. कापूस कच्चा हवा, जिनिंगमधून सरकी काढलेला. आपल्याकडे त्याची वानवा नाही. दुकानातलं कापड किंवा कापसाची गुंडाळी वापरली तर ती आधीच चमकत असू शकते, म्हणून बांधण्याआधी टॉर्चखाली पाहून घ्या. मूठभर कापूस जाळीत बांधून नालीच्या तोंडाशी चार ते सात दिवस ठेवा, काढून साध्या पाण्यात हलका धुवा, अंधारात वाळवा, आणि कोऱ्या कापसाशेजारी ठेवून पाहा. गाळ बसून कापूस तपकिरी झाला तर चमक झाकली जाते, तो नमुना बाद. शिवाय चमक म्हणजे साबण, विष्ठा नव्हे. चमकही आहे आणि अमोनियाही आहे, तर गडर. नुसती चमक, तर वर कुणीतरी धुणं धुतंय.

शेवटी एखाद्या इमारतीपर्यंत किंवा चेंबरपर्यंत पोचलात की रंगाची चाचणी. फ्लुओरेसिन हा हिरवा रंग १०-२० ग्रॅम बादलीभर पाण्यात कालवून संशयित संडासात टाका, वरून पाच-सहा बादल्या पाणी, आणि खाली नालीच्या तोंडाशी दोन तास माणूस बसवा. रंग लगेच दिसला नाही म्हणून उठायचं नाही, सेप्टिक टँक मधे असेल तर तो दुसऱ्या दिवशीही येतो. त्यासाठी कोळशाची पुडी तोंडाशी बांधून ठेवली तर रंग तिच्यात पकडला जातो. होळीचा रंग वापरू नका, तो मातीला चिकटतो आणि वाटेतच संपतो. आणि मनपाच्या झोन कार्यालयाला, पोलीस चौकीला आणि वस्तीतल्या चार माणसांना आधी सांगा. हिरवागार नाला पाहिला की दहा मिनिटांत व्हिडिओ फिरतो आणि 'केमिकल सोडलं' म्हणून गर्दी जमते.

चेंबर उघडावं लागलं तर ते मनपाच्या माणसांनी उघडावं, आणि आत कुणीही उतरू नये. हातानं मैला साफ करण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं सुरक्षा साधनांशिवाय तशी कामं करवून घेण्यावर बंदी आहे. पण कायदा नसता तरी उतरायचं नाही, कारण हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकाला त्याचा वासच येईनासा होतो. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजून माणसं उतरली आहेत आणि परत आली नाहीत. दोरीला बाटली बांधून वरूनच नमुना घेता येतो.

बहुतेक वेळा सापडतं ते असं: गडरलाइन आहे, पण तिथवर चर खणायचा खर्च वाचवायला घराची जोडणी जवळच्या पावसाळी नालीला दिलेली. किंवा अनधिकृत लेआउटमध्ये गडरच नाही, आणि सेप्टिक टँकचा निकास नालीत. किंवा गडर आहे, पण चेंबर चोक झालं आणि पाणी भिंतीच्या भेगेतून बाजूच्या नालीत. तिसऱ्याला कुणीच दोषी नसतं आणि ते सफाईच्या गाडीनं दोन तासांत सुटतं. पहिल्याला नोटीस लागते. दुसऱ्याला वर्षं लागतात. म्हणून अहवालात 'नाल्यात सांडपाणी' एवढंच लिहू नका, तिघांपैकी कोणतं ते लिहा.

पावसाळ्यात चित्र उलटं होतं. गच्चीचे पाइप गडरला जोडलेले असतात, एक जोरदार सर आली की गडर भरतं आणि चेंबरची झाकणं उडतात. कोरड्या दिवसांत स्वच्छ असलेला घाट पहिल्या पावसानंतर घाण होतो. पहिला जोरदार पाऊस आठ महिन्यांची रस्त्यावरची आणि नालीतली घाण एकदम लोटतो, तेव्हा त्यानंतर दोन-तीन दिवस तलावात उतरू नये. माग काढायला मात्र हा काळ कुचकामी, सगळीकडे सगळंच वाहत असतं. पावसात एवढंच नोंदवा की कोणती चेंबरं उसळली. त्यांची यादी पुढच्या मे महिन्यात लागते.

माणसाची घाण की जनावरांची, हा वाद प्रत्येक बैठकीत निघतो. जुन्या पुस्तकांत फीकल कोलिफॉर्म आणि स्ट्रेप्टोकॉकाय यांचं गुणोत्तर ४ च्या वर म्हणजे माणूस, ०.७ च्या खाली म्हणजे जनावर, असं दिलेलं आहे. ते आता सोडून द्या. दोन्ही जंतू वेगवेगळ्या वेगानं मरतात, त्यामुळे पाणी एक दिवस शिळं झालं की गुणोत्तर काहीही सांगतं. खरं उत्तर डीएनए तपासणीतून मिळतं, माणसाच्या आतड्यातल्या बॅक्टेरॉइडीसची एचएफ१८३ ही खूण शोधून. ती महाग आहे, म्हणून सगळ्या नमुन्यांवर लावू नये. आधी अमोनिया, कापूस आणि चालणं यांनी जागा दोन-तीनवर आणा, मग तिथलेच नमुने पाठवा. आणि गोठा निघाला म्हणून हायसं वाटून घेऊ नका, जनावरांच्या शेणातूनही माणसाला लागणारे जंतू येतात.

दुरुस्ती झाली की लगेच घाटावरचा नमुना घेऊन 'काही फरक नाही' असं म्हणायची घाई होते. तलावाच्या गाळात आणि काठच्या शेवाळात फीकल जंतू आठवडेच्या आठवडे टिकतात आणि म्हशी उतरल्या, बोट गेली किंवा वारा सुटला की पुन्हा वर येतात. म्हणून दुरुस्तीची पावती घाटावर शोधायची नाही. ज्या नालीच्या तोंडाशी पहिला नमुना घेतला होता तिथे, त्याच वारी, सकाळी त्याच वेळी जा. नाली कोरडी असेल तर काम झालं. वाहत असेल तर अमोनियाचे थेंब टाका आणि पुन्हा वर चालायला लागा.